राहुटीतलं माहेर

"या आखाजीला तुला माहेरी न्यावं म्हणतो," नाना म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याच खाटेवरची चादर बदलत होते. चादरीचं टोक हातात तसंच राहिलं. माझं माहेर म्हणजे आता एकटे नाना, आणि नाना म्हणजे जळगावातल्या माझ्याच घराची मागची खोली, मोरीला लागून असलेली. आई गेल्यावर मीच त्यांना इथं आणलं. म्हणजे माहेरी जायचं तर मधलं दार लोटलं की पोचले. मी म्हटलं, "नाना, ऊन लागलं का तुम्हाला? कोणत्या माहेरी?" ते चष्मा पुसत होते. "गाडी ठरवली आहे भाड्यानं. तोतारामची अँबॅसिडर. राहुटी पण ठरवली, मंडपवाल्याकडून. तो विचारत होता लग्न कुणाचं. म्हटलं लग्न नाही, पोरगी माहेरी येते आहे." एवढं बोलून त्यांनी चष्मा चढवला आणि पेपर उघडला. जावयाच्या घरात पाणी मागतानासुद्धा जो माणूस आधी खाकरतो, त्यानं कुणाला न विचारता गाडी ठरवली, राहुटी ठरवली आणि वर पेपर वाचत बसला, याचं मला इतकं नवल वाटलं की मी रागवायचीच विसरले.

मला नवल जरा जास्तच वाटतं. सवयच आहे ती. टेलिफोन एक्स्चेंजमधे ट्रंक कॉल जोडून देताना कानावर पडतं ते नेहमी अर्धंच. कुणीतरी म्हणतं, "बरं मग, तसंच करा," आणि आपल्याला लाइन सोडावी लागते. कसंच करा? ते जन्मात कळत नाही. मग घरी भाजी चिरता चिरता मी त्या बोलण्याचा उरलेला अर्धा भाग रचत बसते. आमचे हे, रुपचंद, म्हणतात तुझं नाक कापून डब्यात ठेवलं तरी रात्रीतून शेजारी जाऊन येईल. जाऊन येईल तर येईल. पण इतक्या वर्षांत एका माणसाचं बोलणं काही मला रचता आलं नाही, ते नानांचं. ते पाटबंधारे खात्यात सर्व्हेला होते. आम्ही भुसावळला, आणि ते धुळ्याच्या पार पलीकडं साक्री-पिंपळनेरच्या रानात राहुटी ठोकून. महिन्याकाठी एकदा यायचे. कपड्यांना धुराचा आणि ताडपत्रीचा वास. आई ते कपडे उंबऱ्याबाहेरच भिजवायची आणि मी बादलीत वाकून हुंगून बघायची, काही कळतं का म्हणून. काही कळायचं नाही. पुढं कान तयार झाले, पण नाना बोलायचेच नाहीत, तर कान काय करतील.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात दिवाळी एक वेळ चुकली तर चालेल, आखाजी नाही. सासरच्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके लागतात, घरोघर पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, आमरस-पुरणपोळी होते, आणि पितर म्हणून बाहेरचा एखादा पुरुष पाटावर बसवून आधी त्याला जेवू घालतात. मी पाचवीत असल्यापासून ते लग्न होऊन दोन लेकरांची आई झाले तोवर नाना दर वर्षी चैत्रात सांगून जायचे, "आखाजीला येतो." आणि यायचे नाहीत. आई त्यांचं ताट झाकून ठेवायची. संध्याकाळी रस आंबायला लागला की ताट उघडून तो गायीला घालायची आणि म्हणायची, "राहून गेलं असेल." तिच्या आवाजात रागही नसायचा. मला मात्र यायचा. झोक्यावर उभी राहून मी रस्ता बघायची आणि सगळ्या पोरींचे बाप घरात असायचे. एकदा, मोठी झाल्यावर, मी आईला सरळच विचारलं, की तिकडं कुणी बाई आहे का त्यांची. तिनं पोळी लाटायची थांबवली नाही. "त्यालेच विचार," म्हणाली. त्यांना मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि तेच नको होतं. आता नाना पंचाहत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले, आणि मला एकच जाणून घ्यायचं होतं: ज्या दिवशी मी वाट बघायची त्या दिवशी हा माणूस कुठं बसलेला असायचा, आणि तिथं असं काय होतं जे आमच्यापेक्षा मोठं होतं. म्हणून मी हो म्हटलं. घागर भरायला जाऊबाई तयार झाल्या. हे हसून म्हणाले, "जा, सासऱ्याच्या तंबूत माहेरपण करून ये."

तोताराम हा पन्नाशीचा, मानेभोवती ओला पंचा, बोलणं कमी आणि पान जास्त. गाडीच्या टपावर राहुटी, बांबू, मेखा, सतरंजी. मागच्या सीटवर मी आणि पाण्याची सुरई, पुढं नाना. पाचोऱ्याचा रस्ता धरला. वैशाखातलं ऊन, काच खाली घेतली तर भाजणार आणि वर केली तर उकडणार. केळीच्या बागा मागं पडल्या, मग नुसती नांगरून टाकलेली काळी रानं. मी नानांच्या मानेकडं बघत होते. घरी ती मान जरा पुढं वाकलेली असते, कुणाला अडचण नको अशी. गाडीत ती हळूहळू सरळ होत गेली. भडगावच्या पुढं गिरणेच्या पात्रात डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या होत्या, तिथं त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले, एका वेलाजवळ बसले, डांगराचा देठ बोटानं दाबला आणि वाडीवाल्याला काहीतरी म्हणाले. तो हसला. मी काचेतून बघत होते आणि ऐकू येत नव्हतं. पुन्हा अर्धंच. मला हसू आलं आणि थोडं रडूही आलं, कारण माझा बाप अनोळखी माणसाला हसवू शकतो हे मला आज कळत होतं.

पहिला मुक्काम चाळीसगावच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, बाभळीच्या रांगेपाशी. ऊन कललं होतं. तोताराम म्हणाला इथंच सपाट आहे, ठोकू. नानांनी मान हलवली, काठी टेकत गोल फिरले, खाली वाकून माती चिमटीत घेतली, मुंग्यांची रांग बघितली, वारा कुठून येतो ते धोतराचा सोगा धरून बघितलं, आणि दहा-बारा हात पलीकडं काठी रोवली. "इथं." मग जे सुरू झालं ते मी नुसती उभी राहून बघितलं. "ती मेख तिरपी घाल, सरळ नको. दोर ओढ. अजून. बस." घरी चहा थंड असला तरी न बोलता पिणारा माणूस, आणि इथं तोतारामवर ओरडतो आहे, आणि तोतारामला त्याचं काहीच वाटत नाही. राहुटी उभी राहिली तशी नाना आत गेले, मधल्या बांबूला पाठ लावून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. चेहरा असा, की बाई गं, मी नजर काढून घेतली. दुसऱ्याच्या घरात न सांगता शिरल्यासारखं वाटलं मला.

आणि मग त्यांनी भाकरी केल्या. तीन दगड मांडून चूल, माझ्याच डब्यातलं ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ, माझीच परात. मी म्हटलं, "सरका, मी करते," तर म्हणाले, "तू माहेरी आली आहेस ना? बैस." ज्या माणसानं जन्मात कधी पेला विसळला नाही त्याच्या हातावर भाकर गोल फिरत होती, एकही चीर नाही. खरं सांगते, मला मत्सर वाटला. ही भाकर कुणीतरी शिकवलेली होती, आणि ती आईनं शिकवलेली नव्हती. "कुणी शिकवलं हे?" मी विचारलं. पहिल्यांदाच विचारलं असेल काही, आवाज जरा चढलाच. "वनानं," ते म्हणाले. "माझा खलाशी होता. मोजणीची साखळी ओढायचा, मापाचा दांडा धरून उभा राहायचा. पिंपळनेरकडचा. चांगला होता." मी म्हटलं, "होता म्हणजे?" "गेला. मुक्कामातच. ताप आला, बैलगाडीतून नेईपर्यंत गेला. तिशीचाही नव्हता." भाकर उलटली. मी वाट बघत राहिले, पण पुढचं काही आलं नाही. नुसतीच भाकर फुगली, त्यांनी ती तोतारामच्या पानात टाकली, दुसरी माझ्या. ठेचा, कांदा, भाकर. इतकं चांगलं मी किती वर्षांत जेवले नव्हते ते देव जाणे. जेवता जेवता मनात म्हणत होते, खलाशी ठीक आहे, पण खलाशी मेल्यावर मग कुणासाठी राहिलात हो नाना?

दुसऱ्या दिवशी धुळ्यात त्यांनी गाडी आग्रा रोडला एका कापडाच्या दुकानापाशी उभी करायला लावली. मला म्हणाले, "तुझं आखाजीचं लुगडं घ्यायचं. म्हणजे साडी." माझ्या लग्नानंतर माहेरची साडी दर वर्षी यायची, पण ती आई निवडायची. नानांनी स्वतः दुकानात बसून, दुकानदाराला खाली-वर करायला लावून माझ्यासाठी घेतलेली ही पहिली. मोरपंखी. मी ती मांडीवर घेऊन तिची घडी चाचपत बसले, कारण बोलले असते तर तिथंच रडले असते, दुकानात. आणि तेवढ्यात ते दुकानदाराला म्हणाले, "आता एक नऊवारी दाखवा. सुती. काठ बारीक." ती नऊवारी ते माझ्या साडीपेक्षाही निरखून निवडत होते. सूत बोटांत चोळून बघत होते, उजेडात नेत होते. "ती कुणाला?" मी विचारलं. "आहे एक." "कोण एक?" "उद्या कळेल." दुकानदार हसला, तो कशाला हसला कोण जाणे, मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. म्हणजे होतीच. आईनं इतकी वर्षं ताट झाकून ठेवलं आणि ती होतीच. आणि मला आता तिच्याच दारात नेतात, माझंच माहेरपण म्हणून.

धुळं सोडलं, कुसुंबा गेलं. गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. रागाचं कसं असतं, तो धरून ठेवायला जोर लागतो, आणि बाहेर बघितलं की माझा जोर जातो. नेरच्या जरा अलीकडं पांझरेच्या काठी आंब्याची झाडं होती, तिथं राहुटी ठोकली. ऊन उतरल्यावर नाना नदीत पाय सोडून बसले. पाणी असं नव्हतंच, वाळूतून एक ओघळ. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, आता विचारूनच टाकावं. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच: "नाना, तुम्हाला घरी करमत नाही का?" त्यांनी वाळूत टाच रुतवली. "करमतं की. तुम्ही सगळं करता माझं." मग म्हणाले, "पण तिथं मला कुणी काही विचारत नाही, काही सांगत नाही. इथं वना सांगायचा, सायेब हा खडक पोकळ आहे, दांडा इथं नका ठेवू. मी विचारायचो, का रे? मग आमचं चालायचं." एवढं बोलणं त्यांच्याकडून मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. मला एकदम वाटलं, आपणही त्यांना कधी काही सांगितलं नाही. ताट दिलं, औषध दिलं, चादर बदलली. एक्स्चेंजमधल्या गमती शेजारणीला सांगितल्या. त्या संध्याकाळी मग मी त्यांना सांगत बसले: रात्रपाळीला एक व्यापारी मुंबईच्या भावाशी नुसतं भांडायला ट्रंक कॉल कसा लावायचा, आणि भांडण संपलं की मलाच विचारायचा, बाई, मी जास्त बोललो का. नाना खो खो हसले. तोताराम आंब्याखालून उठून बघायला आला काय झालं ते. राग कुठं गेला तेही मला कळलं नाही, पण ती नऊवारी गाडीत होती आणि मी ती विसरले नव्हते.

आखाजीच्या सकाळी पिंपळनेर मागं टाकून आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात शिरलो. बोळ अरुंद, गाडी निंबापाशीच उभी करावी लागली. झोक्यावर पोरी होत्या, त्या गाडी बघून थांबल्या. नाना उतरले आणि उतरून तिथंच उभे राहिले. "तू हो पुढं," म्हणाले. "सरळ जा, शेवटी कौलारू घर, दारात शेवग्याचं झाड. सुगंधाबाईचं घर म्हण. मी येतो. गुडघा धरला." गुडघा धरला नव्हता. ते घाबरले होते. मी इतकी वर्षं त्यांना कशालाही घाबरताना बघितलं नव्हतं, म्हणून मी पुढं निघाले. चालताना तोंडातल्या तोंडात मी वाक्यं तयार करत होते: मी चुडामण नानांची मुलगी, जळगावहून. माझी आई अशी अशी होती. तिनं कधी तुमचं नावही घेतलं नाही.

शेवग्याच्या झाडापाशीच माझे पाय थांबले. दारात आखाजीची पूजा चालली होती. ती आमच्याकडंही असते: उंबऱ्यावर ओल्या कुंकवाची बोटं ओढायची, एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेत एकेक बोट. सून खाली बसून बोट ओढत होती, आणि एक म्हातारी, कपाळ मोकळं, भिंतीला टेकून नावं सांगत होती. तिचा मुलगा हात जोडून शेजारी उभा. म्हातारीनं आजेसासऱ्याचं नाव घेतलं, सासऱ्याचं घेतलं. मग ती थांबली आणि तिनं मुलाकडं बघितलं. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार. मुलगा म्हणाला, "वना." सुनेनं बोट ओढलं. म्हणजे ही वनाची बायको. माझं डोकं अजून तेवढं जुळवत होतं तोच म्हातारीनं पुढचं नाव घेतलं, स्वच्छ, सावकाश, "भुसावळना चुडामणभाऊ." आणि सुनेनं वनाच्या बोटाला लागून आणखी एक बोट ओढलं.

मी किंचाळले नाही. मला वाटतं मी "नाही" म्हटलं. तिघांनी वर बघितलं, आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या मागं काठीचा आवाज आला. नाना येऊन उभे राहिले. सुनेच्या हातातली कुंकवाची वाटी कलंडली. म्हातारी भिंतीचा आधार घेत उठली, पुढं आली, नानांच्या अगदी जवळ. हात लावला नाही, नुसती बघत राहिली. "भाऊ, तुम्ही जिता शेतस?" नाना म्हणाले, "शे बाई. अजून तरी शे." माझ्या बापाला अहिराणी येते हेही मला तिथंच कळलं. मला वाटलं ती आता रडेल, पाया पडेल. तर ती भडकली, मग आला का नाहीत म्हणून. "मंग उनात का नही? इतल्या आखाज्या गयात. उनात का नही?" नानांनी मान खाली घातली. "राही गयं," ते म्हणाले, राहून गेलं. "राही गयं?" ती म्हणाली. "सांगीसन गयथात, दर आखाजीले येसू. जिता माणूस सांगीसन येवाना नही, असं व्हस का? आम्हले वाटनं, तुम्ही मरी गयात." आणि मग मात्र ती रडली, पदर तोंडात घालून, उभ्या उभ्या.

हे असं. त्यांना दुसरं काही सुचलंच नव्हतं. येतो म्हणून गेलेला माणूस आला नाही, म्हणजे तो मेला. त्यांनी त्याचं सुतक धरलं असेल, डोक्यावरून पाणी घेतलं असेल, आणि दर आखाजीला उंबऱ्यावर त्याचं बोट ओढलं. आणि आमच्याकडं? आमच्याकडं हाच माणूस दर वर्षी येतो म्हणून यायचा नाही, आणि आईच्या किंवा माझ्या मनात एकदाही आलं नाही की त्याला काही झालं असेल. आम्ही ताट झाकायचो आणि संध्याकाळी रस गायीला घालायचो. मला त्या म्हातारीचा हेवा वाटला आणि रागही आला. कारण तिच्याकडं तो येत होता, म्हणून तिला विश्वास ठेवणं जमलं. आमच्या वाट्याला आला असता तर आम्हालाही जमलं असतं.

स्वयंपाकघरात तिनं मला पाट दिला आणि मी आता मागंपुढं बघितलं नाही. विचारलं, "नाना इथं दर आखाजीला का यायचे?" सुगंधाबाईनं माझ्याकडं नीट बघितलं. तिला माझा प्रश्न कळला, त्याच्या खालचाही कळला असावा, पण तिनं वरच्याचंच उत्तर दिलं. वना भरल्या उमरीत गेला. असा गेलेला माणूस मागं ओढतो म्हणतात. पहिल्या आखाजीला वनाचा पितर म्हणून पाटावर बसायला गावातला एक पुरुष तयार होईना. भाऊबंदही नाही म्हणाले. ताट वाढलेलं, आणि पाट रिकामा. भटू, तिचा मुलगा, तेव्हा रांगत होता. राहुटीत निरोप गेला. साहेब उठून आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. "तो म्हने, मी बठस. मना खलाशीना पाट शे." आणि मग दर वर्षी तेच. कधी पाहणी दुसऱ्या तालुक्यात असली तरी बैलगाडीनं, सायकलनं, कसेही, आखाजीला वनाच्या पाटावर. पुढं साहेबांची नोकरी संपली, ते यायचे बंद झाले, तेव्हा आळीतला निंबा म्हातारा म्हणाला, आता माझं काय ओढून नेणार तो, मीच बसतो. साहेबांच्या नावाचं पानही तोच जेवायचा. तिचं सांगून झालं. मी बोटानं पाटावरची रेघ कोरत होते. मी झोक्यावर उभी राहून रस्ता बघायची तेव्हा माझा बाप एका मेलेल्या माणसाच्या जागी बसून पुरणपोळी खात होता. का, तर दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं. आईला हे सांगता आलं असतं की. दोन वाक्यांचं काम. पण मागं ओढणाऱ्या मयताच्या जागी बसतो हे आईला सांगितलं असतं तर तिनं कुंकू पुसल्यासारखा आकांत केला असता, हेही मला कळत होतं. नाना काही बोलले नाहीत ते त्यासाठी, की नुसती सवय म्हणून, ते मात्र त्यांना विचारूनही समजणार नाही.

बाहेर दोन पाट मांडलेले होते, एक वनाचा आणि एक नानांचा. निंबा म्हातारा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आला आणि नानांना बघून दारातच थबकला. "आते मी कोणा नावना जेवू?" त्यानं विचारलं. भटू हसू दाबत होता. शेवटी नानाच म्हणाले, "निंबाभाऊ, तू मना नाववर जेव. वनाना पाट मना शे." मग ते दोघं शेजारी शेजारी बसले. एक गेलेल्याच्या नावानं, आणि दुसरा शेजारी बसून जेवणाऱ्याच्याच नावानं. निंबानं रस मागून मागून घेतला, म्हणाला साहेबाला पुढं कमी पडायला नको. सुगंधाबाईसुद्धा हसली. जेवणं झाल्यावर नानांनी ती नऊवारी तिच्यापुढं ठेवली. मी खोटं कशाला बोलू, मी दोघांच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होते. तिनं काठावरून बोट फिरवलं, बारीक काठ. "तुम्हले याद शे," म्हणाली. एवढंच. त्यात काही होतं का? मला वाटतं होतं. पण जे होतं त्याला मी जी वाक्यं तोंडात घोळवत आले होते ती लागू पडत नव्हती, आणि दुसरी माझ्याकडं नव्हती.

ऊन उतरायला लागलं तसं तोतारामनं गाडी वळवून ठेवली. नाना भटूचा हात धरून निंबाच्या झाडाकडं निघाले. तेव्हा सुनेनं, रेशमानं, हळूच सासूला विचारलं, की आता त्या बोटाचं काय करायचं. जित्या माणसाचं बोट उंबऱ्यावर रात्रभर ठेवायचं कसं. ती पुसायला वाकली तर सुगंधाबाईनं तिला थांबवलं. "तू नको. आंडेरना हातनं पुसू दे." मुलीच्या हातानं. असा काही रिवाज असेल असं मला वाटत नाही, हे तिनं तिथल्या तिथं ठरवलं असणार. मी पदर खोचून उंबऱ्यापाशी बसले, हात ओला केला. कुंकू वाळून बसलं होतं. नानांचं बोट वनाच्या बोटाला इतकं चिकटून ओढलेलं, की वनाला धक्का न लावता नानांना काढायचं तर नखानं खरवडावं लागत होतं. खरवडता खरवडता माझ्या तोंडून ते निघालं, जे मी स्वतःशीही कधी बोलले नव्हते. म्हटलं, "बाई, यांना मुलगा नाही. मी एकटी. माझ्या सासरच्या उंबऱ्यावर यांचं बोट कुणी ओढू देणार नाही. हे जातील तेव्हा यांचं नाव कुठंच घेतलं जाणार नाही." ती माझ्या शेजारी येऊन बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत. "आठे लेसूत की नाव," ती म्हणाली. इथं घेऊ. "इतला साल लिधं नही का?" मग तिनं माझ्या नखाकडं बघितलं. "पन माले कशी समजी? मरी गया का राही गयं, माले कशी समजी? तू येजो सांगाले. दर आखाजीले येजो. जिता शे तवलोंग सांगाले येजो." मी मान हलवली. निंबाखालून नानांनी हाक मारली. सुगंधाबाईनं माझं मनगट धरलं, घट्ट. "मुंडी नको हालू. येसू म्हन."

"येईन," मी म्हटलं.

"देख हां," ती म्हणाली. "तू नही उनी ते आम्ही समजी लेसूत. मंग दोन बोटं वढसूत."